पेठांमधल्या हेरिटेज वॉकला निघण्याआधी

पुण्यातल्या पेठांचा वॉक बुक केलात की सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करून टाका, जे बघायला चाललोय त्यातलं निम्मं तिथे उरलेलंच नाहीये. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळून गेलं, त्यामुळे दरवाज्यातून आत शिरलं की जोती, कारंज्याचा हौद आणि हिरवळ, एवढंच. आत्ताचा लाल महाल म्हणजे जिथे शाहिस्तेखानाची बोटं तुटली तो वाडा नव्हे, ती महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली वास्तू आहे. आणि भिडे वाडा, जिथे जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक करायचं म्हणून पाडला. हे आधी माहीत नसलं की माणूस दर थांब्यावर "मग इथे बघायचं काय?" विचारत बसतो आणि गाईड बिचारा वैतागतो. तर आदल्या रात्री अर्धा तास काढा, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे, मंडईचे, जुन्या लक्ष्मी रोडचे फोटो नेटवर सापडतात, ते मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि जागेवर उभं राहून फोटो समोर धरून बघा, मग मजा येते.

बुकिंग करताना लाजू नका, चार प्रश्न सरळ विचारा. कुठल्या पेठा, किती थांबे, ग्रुप किती जणांचा, आणि मध्ये बाथरूमची सोय कुठे आहे. शेवटचा प्रश्न आधी विचारायचा असतो खरं तर, बायकांनी आणि ज्येष्ठांनी तर नक्कीच, कारण अडीच-तीन तास पायी फिरायचंय आणि सकाळी सातला पेठेत कुणी दार उघडून बसलेलं नसतं. एका सकाळी पंधरा ठिकाणं दाखवतो म्हणणारा असेल तर मी तरी जाणार नाही. कसबा, शनिवार, बुधवार एवढ्याच पेठा केल्या तरी सकाळ जाते, सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती वेगळ्या दिवशी ठेवा, गंज पेठेतला फुले वाडा अजून वेगळ्या दिवशी. ग्रुप पंचवीस-तीसचा असेल आणि गाईडकडे माईक नसेल तर मागच्या दहा जणांना फक्त बाईकचे हॉर्न ऐकू येतात.

दिवस शक्यतो रविवार आणि वेळ सकाळची. त्याचं कारण ट्रॅफिकपेक्षाही शटर. दुकानं उघडली की तळमजला पूर्ण झाकला जातो, बोर्ड, कपडे, फ्लेक्स, आणि नजर वर जातच नाही, बंद असली की माणूस आपोआप वर बघतो आणि मग दिसतात ते लाकडी सज्जे, महिरपी, एखाद्या खिडकीखालचं कोरीवकाम. गणपतीच्या दिवसांत मात्र जाऊ नका, म्हणजे खास मानाच्या गणपतींचाच वॉक असेल तर वेगळं, नाहीतर मांडवांच्या आड काही दिसत नाही. गाडी घरी ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई दोन्ही मेट्रो स्टेशनं सुरू झालीयेत, पार्किंग शोधण्यात पहिला थांबा घालवण्यापेक्षा ते बरं, फक्त पहिली गाडी कितीची आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

पायात लेसवाले बूट नकोत. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबागेतलं राममंदिर, प्रत्येक ठिकाणी काढा-घाला करावं लागतं आणि लेस बांधणाऱ्यासाठी सगळा ग्रुप थांबतो. पावसाळ्यात फरशी निसरडी असते त्यामुळे ग्रिपवाली सँडल. पाण्याची बाटली, टोपी, पॉवर बँक, थोडे सुट्टे पैसे (यूपीआय सगळीकडे चालतं पण देवळाच्या पेटीत आणि चप्पल सांभाळणाऱ्या आजींना सुट्टेच लागतात), एवढं पुरे, पाठीवर मोठी सॅक घेऊन बोळात शिरलात तर समोरून येणारा सायकलवाला दोन शब्द ऐकवेल.

आता अभ्यास. पेशव्यांच्या गोष्टी गाईड सांगणारच आहे आणि अर्ध्या आपल्याला शाळेपासून पाठ आहेत, त्यामुळे त्या वाचण्यात वेळ घालवू नका. दोन गोष्टी वाचून जा. एक म्हणजे पेठांची जुनी नावं, वारांची नावं मागाहून आली, त्याआधी रविवार पेठ मलकापूर होती, सोमवार शहापूर, मंगळवार अष्टापूर, शुक्रवार विसापूर, आणि बुधवार मोहियाबाद, ती औरंगजेबाच्या पुण्यातल्या मुक्कामाची आठवण. दुसरी म्हणजे पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी गावात आणलं, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर, वाटेत उच्छ्वास म्हणजे हवा बाहेर पडायला बांधलेले खांब, आणि टोकाला हौद. एकदा हे डोक्यात बसलं की शहर वेगळंच दिसायला लागतं. नाना हौद, काळा हौद ही नुसती नावं राहत नाहीत, आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो की त्या हौदावर पाणी कुणाला भरू देत होते. त्याचं उत्तर गंज पेठेत आहे, फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बुधवार पेठेत फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौदही दाखवायला सांगा, डॉ. विश्राम घोले यांनी लेकीच्या आठवणीत बांधलेला. बरेच गाईड तिथून नुसते पुढे जातात.

फुल्यांचा विषय निघालाच आहे तर मंडई. १८८६ ला उघडली तेव्हा नाव रे मार्केट, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालायला नगरपालिकेत फुल्यांनी विरोध केला होता आणि आज त्याच इमारतीला नाव आहे महात्मा फुले मंडई! इथे गाळ्यांतून आत जाऊन बरोबर मध्यभागी उभं राहा आणि वर बघा, अष्टकोनी मनोरा आणि चहूकडे फुटलेल्या शाखा आतूनच कळतात, बाहेरून फोटो काढून निघून जाणाऱ्याला कळत नाहीत.

पोरं बरोबर असतील तर त्यांना कामं द्या नाहीतर तिसऱ्या थांब्यावर मोबाईल मागतात. दिल्ली दरवाज्यावरचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला का लावलेत ते विचारा, मोठ्या दरवाज्यातला छोटा दिंडी दरवाजा शोधायला लावा. त्रिशुंडला गेलात तर गेंडा शोधायचा. दाराजवळच्या कोरीव पट्टीत टोपीवाले इंग्रज शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधतायत, आणि हे देऊळ १७५४ ला सुरू होऊन १७७० ला पूर्ण झालेलं, म्हणजे बंगालमधल्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी पूर्वेकडचा मुलूख कसा गिळला याची बातमी कुणीतरी नागझरीकाठच्या दगडात कोरून ठेवलीये. मोठी माणसंसुद्धा तिथे वाकून वाकून बघतात. तळघरातली समाधी एरवी बंद असते, गुरुपौर्णिमेला उघडतात, त्यावर फार आशा ठेवू नका.

वाड्यांच्या बाबतीत एक सांगायचंय. जे वाडे शिल्लक आहेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माणसं राहतात, रविवारी सकाळी कुणी दात घासतंय, कुणी कपडे वाळत घालतंय, आणि आपण वीस जण चौकात उभे राहून "वा, काय लाकूड आहे" म्हणतोय. गाईडने परवानगी घेतलीये का ते विचारा, आवाज कमी ठेवा, माणसांचे फोटो न विचारता काढू नका. आणि कुणी आजोबा स्वतःहून बोलायला लागले तर गाईडला थोडं थांबवा, पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, त्यांच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. सार्वजनिक गणपती आधी कुणी सुरू केला हा प्रश्न मात्र ग्रुपमध्ये काढू नका, टिळक की भाऊ रंगारी यावर वाद सुरू झाला की नाश्त्याची वेळ टळते.

तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, यादीत असेल तर त्या दिवशी काम चालू असतं का ते आधी विचारून घ्या, बंद दारं बघण्यात अर्थ नाही, भांडं मठारताना, म्हणजे ठोकून घडवताना, एकाच लयीत पडणारे हातोड्याचे ठोके तिथे उभं राहूनच ऐकायचे. काही विकत घ्यायचं मनात असेल तर जाड कापडी पिशवी घेऊन जा, तांब्याचं साधं घंगाळंसुद्धा जड असतं आणि मेट्रोचे जिने उतरताना ते जाणवतं.