लांबच्या विमानप्रवासात पायात गुठळी होऊ नये म्हणून

पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चार तासांहून जास्त गुडघे मुडपून बसलं की ते थंडावतं आणि खोल शिरेत गुठळी धरू शकते. क्वचितच होतं हे. पण आधी गुठळी झालेल्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी, गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं.

समोरच्या सीटखाली बॅग कोंबू नका, पाय हलले पाहिजेत. दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे उचला, मग उलट. पोटरी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. दाबमोजे, म्हणजे पायावर हलका दाब देणारे घट्ट मोजे, मापाचेच घ्या. वरची कड दुमडली तर तिथेच पाय आवळतो. मनाने ॲस्पिरिन नको.

नंतरच्या काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर थेट इमर्जन्सीत.