कावळ्याची परीक्षा घ्यायची तर

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ‘प्राण्यांची बुद्धिमत्ता’ हा प्रकल्प हमखास असतो. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवते आणि प्रदर्शनाला परीक्षक म्हणूनही बसते. मागे एका टेबलावर पिंजऱ्यात पोपट होता. सकाळपासून त्याला दाणा नव्हता, कारण ‘उपाशी असला की लवकर शिकतो, मॅडम’. पोपट पिसं फुगवून कोपऱ्यात, आणि पोरगी त्याच्यापुढे लाल-हिरवी कार्डं नाचवतेय. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे सोबतच्या सरांच्याही गावी नव्हतं. लेकराला काय बोलणार? तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

माझ्या वर्गात अट एकच. जनावराला वाटेल तेव्हा निघून जाता आलं पाहिजे, आणि गेलं म्हणून त्याचं काही नुकसान होता कामा नये. बाकी सगळे नियम यातून आपोआप निघतात. ही अट आपल्याला नवी नाही. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवून माणसं हात जोडून उभी असतात. कावळा शिवेना तर कुणी त्याला धरून आणत नाही. ‘पोरीचं लग्न नीट करतो’, ‘भावाला जमीन देतो’ असं कबूल करत बसतात. तिथे कावळ्याचा नकार आपण मानतो, मग प्रयोगात का नको?

जनावर जितकं हुशार, तितकी ही अट कडक. प्रयोगशाळांचा इतिहास मात्र उलटा आहे, हुशार म्हणूनच त्यांची निवड झाली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हिसस माकडांची पिल्लं आईपासून तोडली आणि तारेची एक, कापडाची एक अशा दोन खोट्या आया ठेवल्या. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं कापडालाच बिलगून राहिली. हे १९५८ साली छापून आलं. बाळाला फार कवटाळू नका म्हणणाऱ्या त्या काळच्या तज्ज्ञांची त्यामुळे बोलती बंद झाली, हे मान्य. पण आपल्याकडच्या कुठल्याही बाळंतिणीने ते फुकट सांगितलं असतं. पुढे त्यांनी पिल्लांना पोलादी खोक्यात एकेकटं कोंडलं. बाहेर पडायला वाट नसणं, हाच प्रयोग होता. भारतातून ही माकडं हजारोंनी परदेशी जात. १९७८ साली सरकारने निर्यात थांबवली.

आता कामाचं. धरून-कोंडून प्रयोग करायला नोंदणीकृत संस्था आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. शाळेकडे दोन्ही नाही, तेव्हा तो विषयच सोडा. आपल्याकडे आहे मैदान, आणि खिचडी शिजली की कुंपणावर येऊन बसणारे कावळे.

कावळ्यासाठी सुतळीचा प्रयोग करा. आडव्या दांडीला वीतभर सुतळी बांधा, खाली भाकरीचा तुकडा. कावळा चोचीने सुतळी ओढून पायाखाली दाबतो का, एवढंच बघायचं. सुतळी जाडच हवी. नायलॉनचा दोरा नको, मांजा तर मुळीच नको, पायात गुंतला की पाय जातो. दांडी काही दिवस नुसतीच राहू द्या, कावळा नव्या वस्तूला बिचकतो. रोजचं उरलंसुरलं नेहमीच्या जागी टाकणं बंद करू नका. उपाशी कावळ्याची परीक्षा ही अकलेची नव्हे, भुकेची. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट खरी करून बघायची म्हणून मे महिन्यात पाण्याचं भांडं लपवणारेही भेटतात. इंग्लंडमध्ये २००९ साली कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांवर तो प्रयोग झाला, त्यांनी नळीत खडे टाकून पाणी वर आणलंही. पण बक्षीस पाणी नव्हतं, पाण्यावर तरंगणारी अळी होती.

घरटं असलेल्या झाडाखाली काही मांडू नका. आणि कावळ्याला घाबरवून ‘बघू लक्षात राहतं का’ हा उद्योग नको. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी मुखवटा घालून कावळे पकडले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर यायचे. तुमच्या पोरांना त्याच मैदानात रोज डबा खायचा आहे.

कुत्र्यासाठी दोन करवंट्या पुरतात. एकीखाली भाकरी ठेवा, पण दोन्हींना आतून भाकरी चोळा, नाहीतर नाकाची परीक्षा होते. मग एकीकडे बोट दाखवा आणि कुत्रा तिकडेच जातो का, ते बघा. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने असेच प्रयोग भटक्या कुत्र्यांवर केले, तेही रस्त्यावर, न पकडता. पिल्लं असलेली कुत्री वगळा, मोठं माणूस जवळ हवं. कुत्रा शेपूट पायात घालू लागला किंवा सारखा ओठ चाटू लागला की करवंट्या उचला आणि भाकरी तरीही द्या.

वानरांवर फक्त नजर. खाऊ नाही, स्वतःला ओळखतात का बघायला आरसाही नाही.

वहीत ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांच्या शेजारी ‘आला नाही’ आणि ‘मधेच गेला’ हेही रकाने आखा. दोन पोरांनी वेगवेगळं लिहायचं, नंतर ताडून बघायचं. जे दिसलं तेच लिहायचं. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती. वन खात्याने दोन वानरं पकडली. तोवर ‘वानरांनी कुत्र्यांवर सूड उगवला’ ही बातमी जगभर पोहोचली होती. पिल्लू उचललं हे दिसलं, सूड कुणी पाहिला? वहीत ‘कावळा रागावला’ असं आलं की मी खोडते आणि विचारते, त्याने केलं काय? मग ‘दोनदा ओरडला, उडून कडुलिंबावर बसला’ असं लिहून येतं.

प्रदर्शन आटोपलं की दांडी आणि सुतळी त्याच दिवशी काढा. उरलेली खिचडी नेहमीच्या जागी.