मान वाकडी, तर चावाही वाकडा: जबड्याची घरगुती तपासणी आणि व्यायाम

ताठ बसा. दात अगदी हलके टेकवा आणि आधी कुठे लागतात ते पाहा. मग मान मागे टाकून छताकडे बघत पुन्हा टेकवा. बहुतेकांच्या मागच्या दाढा आधी लागतात. हनुवटी छातीकडे नेली की टेक पुढे सरकतो. खालचा जबडा कवटीला स्नायूंनी टांगलेला आहे, त्यामुळे मान हलली की हनुवटीखालचे स्नायू त्याला ओढतात. मोबाइलसाठी डोकं पुढे काढून बसलं तरी जबडा मागे खेचला जातो.

म्हणूनच नवीन फिलिंग किंवा कॅप बसवल्यावर चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, फक्त आडव्या खुर्चीत तपासून घेऊ नका. उठून, ताठ बसून, दात कुठे टेकतात ते दाखवणारा रंगीत कागद पुन्हा चाववून घ्या.

विश्रांतीत ओठ मिटलेले, दातांत 2 ते 4 मिमी फट आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, टाळूला टेकलेलं हवं. ‘न’ म्हणताना जीभ जिथे लागते, साधारण तिथेच. गिळताना आणि चावतानाच दात भेटावेत. कामाच्या मधे दात आवळलेले सापडले, तर जीभ जागेवर न्या आणि श्वास सोडा. व्यायामापेक्षा ही सवय जास्त महत्त्वाची.

व्यायाम: जीभ टाळूला लावून, ती सुटणार नाही इतकंच तोंड सावकाश उघडा. 6 वेळा. मग नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे सरकवा, 5 सेकंद थांबा. हेही 6 वेळा. इथे हमखास चूक होते ती हनुवटी खाली झुकवण्याची. त्याने मानेचा वरचा भाग मोकळा होण्याऐवजी सगळी मानच वाकते. दुखलं तर थांबा.

पाठदुखी किंवा खांद्यांची उंची सुधारण्यासाठी दात झिजवून चावा बदलून देतो असं कोणी म्हटलं, तर नकार द्या. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि झिजवलेला दात परत येत नाही.

न दुखता जबड्यातून नुसता ‘कट’ आवाज येत असेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. तोंड पूर्ण उघडून पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं एकावर एक मावत नसतील, जबडा अडकत असेल किंवा चावा अचानक बदलला असेल, तर दंतवैद्याकडे जा. जाताना दुखणं सकाळी जास्त असतं की संध्याकाळी, हे टिपून न्या. सकाळचं दुखणं बहुधा रात्री दात आवळण्याचं असतं, संध्याकाळचं दिवसभराच्या सवयींचं. दोघांचे उपाय वेगळे आहेत.