बागेसोबत आलेला गुलाब: नाव कसं शोधायचं, झाड कसं सांभाळायचं

पहिलं काम म्हणजे सिकेटर (छाटणीची कात्री) आत ठेवून द्या. नवीन घरात आलं की हात शिवशिवतात, झाड अस्ताव्यस्त दिसतं, म्हणून लोक सरसकट छाटतात आणि मग वर्षभर फूलच येत नाही. कारण सोपंय, वर्षातून एकदाच बहरणारे बरेचसे जुने गुलाब मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतात आणि तुम्ही तीच कापलेली असते. पहिलं वर्ष फक्त मेलेल्या फांद्या काढा. मेलेली की जिवंत कळत नसेल तर नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं असेल तर राहू द्या.

आता बुंध्यापाशी बसून माती थोडी बाजूला करा. तिथे गाठीसारखा फुगीर भाग दिसला तर ते कलम आहे. फांद्या गाठीच्या वरून फुटल्यात का खालून ते बघा, गाठीच्या खालचा भाग म्हणजे खुंट, ज्याच्या मुळांवर हव्या त्या गुलाबाचं कलम बांधतात. कित्येकदा वरचं कलम केलेलं झाड कधीच मेलेलं असतं आणि आपण खालून फुटलेल्या खुंटालाच तो गुलाब समजून पाणी घालत असतो 😄 गडद लाल, फार पाकळ्या नसलेली, मध्ये पिवळे पुंकेसर दिसणारी फुलं, तीही वर्षातून एकदाच आणि लांबलचक फांद्यांवर? मग डॉक्टर ह्यूई नावाचा गुलाब असू शकतो. अमेरिकेत हा खुंट म्हणून खूप वापरतात. छोट्या पांढऱ्या फुलांचे घोस असतील तर पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथली हिरवी पट्टी बघा, तिची कड कंगव्याच्या दातांसारखी झालरदार असेल तर मल्टिफ्लोरा, तोही खुंटच.

वरचं झाड शाबूत असेल तर मजा आहे. वर्षभर फोटो काढत राहा पण नुसतं फुलाचं तोंड नको, त्याने काही कळत नाही, रंग तर उन्हाने आणि फुलाच्या वयाने बदलतो. कळी बाजूने, कळीखालची हिरवी पानं, काटे सरळ की वाकडे, एका पानात छोटी पानं किती, फुल गळल्यावर फळ गोल की लांबट, आणि वास (सकाळी घ्या, दुपारी उडून जातो). सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बहर एकदाच येतो की पुन्हापुन्हा, ते तारखेसकट लिहून ठेवा. एकदाच येत असेल तर गॅलिका, अल्बा, सेंटिफोलिया या जुन्या गुलाबांच्या गटांकडे बघा. लांब टोकदार कळी, एका दांडीवर बहुतेक एकच मोठं फुल आणि बहर येतच राहतो असं असेल तर हायब्रिड टी हा गट, ज्याची सुरुवात 1867 च्या ला फ्रान्स या गुलाबापासून धरतात. नेमकं नाव नाही मिळालं तरी गट कळला की छाटणीचं कोडं सुटतं: एकदाच फुलणाऱ्याची बहर संपल्या संपल्या, पुन्हापुन्हा फुलणाऱ्याची झाड सुप्तावस्थेतून जागं होण्याच्या बेतात असताना.

बाकी काळजी नेहमीचीच. सहाएक तास ऊन, पाणी मुळाशी आणि भरपूर, पानांवर नको नाहीतर काळे ठिपके येतात, ठिपकेवाली गळलेली पानं उचलून टाका. बुंध्यापासून जरा लांब शेणखत द्या. खुंटाचे फुटवे मात्र कापू नका, माती उकरून जिथून निघालेत तिथून ओढून उपटा, कापले की पुन्हा जोमाने येतात.

आणि एक, झाड म्हातारं असेल तर नावाची वाट न बघता कटिंग लावून ठेवा. नुकतंच फुल गळलेली, पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंचांची फांदी घ्या (गाठीच्या वरचीच बरं का), खालची पानं काढा, निदान दोन डोळे (फांदीवर पान फुटतं त्या जागा) मातीत जाऊ द्या, वरून कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी घाला आणि सावलीत ठेवा. मुळं आली का बघायला रोज उपटून बघू नका.