पहिलं पुस्तक काढायचंय? सोलापुरातला माझा अनुभव

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या 500 प्रती रिक्षातून घरी आल्या, तेव्हा त्या ठेवायला जागा नव्हती. पलंगाखाली, देवघराशेजारी, शिलाई मशीनवर, जिथं जमेल तिथं गठ्ठे रचले. पुढच्या चौदा महिन्यांत त्यातल्या 470 गेल्या. पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या लेखकांपुढे हा आकडा काहीच नाही. पण कुणी ओळखत नसलेल्या, मोठ्या प्रकाशकाचा हात पाठीवर नसलेल्या बाईचं पुस्तक एवढं गेलं, म्हणून आता लिहिणाऱ्या पोरापोरींचे फोन येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "मॅडम, प्रकाशक कसा शोधायचा?" मी उलट विचारते, "पुस्तक कोण वाचणार? दहा माणसं सांग, गल्लीच्या नावासकट." बहुतेक जण इथंच अडतात. माझंही सुरुवातीला असंच झालं होतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत वाढले. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. आई विड्या वळायची, रोज हजार. पुस्तक तिच्यावर आणि तिच्यासारख्या बायकांवर आहे, नावही 'हजार विड्या'. मी पतसंस्थेत नोकरी करते. पहाटे पाच ते साडेसहा या वेळात दोन वर्षं लिहीत होते. रोज एक पान झालं तरी पुरे, एवढाच नियम होता. सवयीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पहिल्या खर्ड्याबद्दल. तो मला फार सुंदर वाटत होता. नियती, धूर, काळोख, करपलेली स्वप्नं, सगळं त्यात होतं. एका दुपारी आईच्या मैत्रिणी ओसरीत सुपं घेऊन बसल्या होत्या. मी धीर करून पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. त्यांचे हात चालूच होते. वाचून संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, "छान आहे गं. कुणाबद्दल लिहूलालीस?"

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांनाच ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फक्त डोळ्यांना दिसलं ते लिहायला लागले. रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवायची, जाड शीर आली की तेवढं पान वाया. मग चिमूटभर तंबाखू पसरून पान वळायचं, बुडाला दोरा गुंडाळायचा आणि नखानं तोंड मुडपायचं. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख त्या एका कामानं कडेला झिजलेलं होतं. हे वाचलं तेव्हा सुपावरचे हात थांबले. बायका एकमेकींशी भांडायला लागल्या, तंबाखू कुणाची जास्त लागते, दोरा कुणाचा सैल. मग त्याच मावशींनी विचारलं, "छाटीचं लिहिलंस का?" मी लिहिलंच नव्हतं. कारखान्यात विड्या तपासताना नापास ठरवून बाजूला काढतात ती छाट. तेवढी मजुरी गेली, पानाचा हिशेबही अंगावर आला. तेच पुढे पुस्तकातलं सगळ्यात वाचलं गेलेलं प्रकरण झालं.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच. छापण्याआधी तीनदा वाचून दाखवा. एकदा ज्यांच्यावर लिहिलं त्यांना, एकदा त्या जगाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला, आणि एकदा व्याकरण पक्कं असलेल्या कठोर वाचकाला. समोरच्याची नजर मोबाईलकडे गेली त्या ओळीवर पेन्सिलनं टिंब करा. माझी 240 पानं अशाच टिंबांमुळे 160 वर आली.

खऱ्या माणसांवर लिहीत असाल तर परवानगीचं मनावर घ्या. मी नावं बदलली होती, पण गल्लीत नाव बदलून काय लपतंय? एका काकूंनी नवऱ्याच्या दारूचा प्रसंग काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "तो आता पीत नाही. नातवंडं वाचतील." तो प्रसंग मला प्रिय होता, तरी मी काढला. पुस्तक निघाल्यावर त्याच काकूंनी त्यांच्या भिशीतल्या अकरा बायकांना ते विकत घ्यायला लावलं. पण मी प्रसंग काढला तो त्या मोबदल्यासाठी नाही. त्यांना त्याच गल्लीत मान वर करून राहायचं होतं, म्हणून.

आता भाषेचं. संवादात मी सोलापुरी बोली ठेवली होती, 'काय करूलालीस', 'येऊलालाव', आणि मध्येमध्ये तेलुगू शब्द. मुद्रितशोधनाला दिलं, तर परत आलेल्या प्रुफात माझी आई 'काय करते आहेस?' असं विचारत होती. माणूस प्रामाणिक होता, चूक दिसली म्हणून दुरुस्त केली. चूक माझीच, मी आधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दोन पानांची शब्दांची यादी सोबत जोडली: हे शब्द असेच ठेवायचे, निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं ही यादी पहिल्या दिवसापासून करावी.

दुसरा घोळ फाँटचा. मी मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलं होतं, अक्षरजुळणी दुसऱ्या फाँटमध्ये झाली. बदलताना 'दुसऱ्या', 'कोपऱ्यात', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला ऱ्य मोडला आणि काही ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. पडद्यावर ते डोळ्यांना निसटतं. प्रूफ कागदावर काढा, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचा. शक्य असेल तर एकानं मोठ्यानं मूळ प्रत वाचावी आणि दुसऱ्यानं प्रूफ बघावं. माझ्या भाचीनं आणि मी असे चार रविवार घालवले.

प्रकाशकाचा प्रश्न आता घेते. दोन ठिकाणी हस्तलिखित पाठवलं, एकीकडून नकार आला, दुसरीकडून काहीच नाही. मग बाहेरगावच्या एकानं फोनवर 'पॅकेज' सांगितलं: 60 हजार रुपये भरा, आम्ही छापू, जाहिरात करू, पुरस्कारासाठी पाठवू. करार मागितला तर आढेवेढे. किती प्रती छापणार, किती मला देणार, उरलेल्या कुणाच्या, कशालाही सरळ उत्तर नव्हतं. मी फोन ठेवला. पैसे घेणारा प्रत्येक जण फसवा असतो असं मी म्हणत नाही. पण प्रतींची संख्या, हक्क, मुदत आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, या चार गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कायम हक्क लिहून देऊ नका. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. एका सहीनं तुम्ही मुलांच्या वाटचंही देऊन टाकता. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क तुमचाच. तरी मसुद्यांच्या तारखा आणि मेल जपून ठेवा.

एक संधी माझी हुकली, ती तुमची हुकू नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. जाहिरात निघाली की हस्तलिखित पाठवायचं असतं. पुस्तक छापून झाल्यावर ही वाट बंद होते. मला हे कळलं तेव्हा माझ्या घरात 500 प्रती होत्या.

शेवटी मी पुस्तक स्वतःच काढलं. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मिळणारा ओळख क्रमांक, त्याला एक पैसाही लागत नाही. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. त्यासाठी हजारो रुपये मागणारे मला भेटलेत, म्हणून मुद्दाम सांगते. छपाईच्या बरंच आधी अर्ज करा.

छपाईचं गणित फर्म्याचं असतं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. 16 पानांचा एक फर्मा, 160 पानांचे बरोबर 10. मनोगत धरून माझी आधी 163 पानं होत होती, तीन पानांसाठी अकरावा फर्मा पडला असता. मनोगत लहान केलं. नॅचरल शेड 70 जीएसएम (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद, 300 जीएसएमचं मुखपृष्ठ, मॅट लॅमिनेशन, 500 प्रती, सगळं मिळून मला 46 हजार रुपये खर्च आला. प्रत 92 रुपयांना पडली, किंमत ठेवली 200. वितरकानं 40 टक्के कमिशन मागितलं, म्हणजे माझ्या हातात 120. त्यातून 92 गेले आणि उरलेल्या 28 रुपयांतून पोचवायचा खर्चही माझाच. मनानं खचले होते त्या दिवशी. मग कागदावर दोन रकाने काढले, दुकानातून किती जातील आणि माझ्या हातून किती. थेट विकलं तर 160 ला देऊनही 68 सुटत होते. हजार प्रती छापल्या तर प्रत स्वस्त पडते, हे छापखानेवाला सांगतोच आणि ते खरंही आहे. तरी पहिल्या वेळी तुम्ही स्वतः फिरून विकू शकाल तेवढ्याच छापा. पलंगाखालचे गठ्ठे वर्षानुवर्षं तसेच राहिले की दुसरं पुस्तक लिहायची उमेद जाते.

प्रकाशन समारंभ कुठं करावा यावर घरात वाद झाला. हिराचंद नेमचंद वाचनालय किंवा फडकुले सभागृह, सोलापुरात प्रतिष्ठेच्या जागा या. भावाचं म्हणणं होतं, तिथंच कर. मला वाटत होतं, माझे वाचक तिथवर येणार नाहीत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव असतो. त्या सुमारास बाहेरगावी गेलेली आमची माणसं घरी येतात. त्याच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी पाचला, गल्लीतल्या मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम ठेवला. भाषण एकच, दहा मिनिटांचं. उरलेल्या वेळात छाटीचं प्रकरण वाचलं आणि तीन बायका स्वतःच्या कामाबद्दल बोलल्या. त्या संध्याकाळी 83 प्रती गेल्या. वाचता न येणाऱ्या बायकांनीही घेतल्या, "नात वाचून दाखवेल" म्हणाल्या.

त्यानंतर मी सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत गेले. तिथं विडी कामगार बायकांची 10 हजार घरं आहेत. चार दुपारी, चार वेगळ्या घरांच्या अंगणात वाचन केलं. विक्री बेताचीच झाली, पण तिथल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींनी वाचनाचे व्हिडिओ काढून स्टेटसला टाकले, आणि पुण्या-मुंबईहून ऑर्डरी त्यानंतर यायला लागल्या. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ओळखीच्या दुकानाशेजारी तीन संध्याकाळी टेबल मांडलं, सात प्रती खपल्या. गर्दी म्हणजे वाचक नव्हे, हे तिथं कळलं.

समाजमाध्यमांवर 'माझं पुस्तक घ्या' असं शंभरदा टाकून मला काही मिळालं नाही. चाललं ते आईचे हात दाखवणारं चाळीस सेकंदांचं चित्रण. मागे माझा आवाज, पुस्तकातल्या चार ओळी, शेवटी किंमत आणि फोन नंबर. आठवड्याला एक, तेही सांगण्यासारखं काही असेल तरच. पीडीएफ मात्र कुणालाही देऊ नका, जवळच्या मैत्रिणीलासुद्धा. एकदा ग्रुपवर गेली की परत येत नाही.

ग्रंथालयांकडे नवे लेखक फिरकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. जिल्ह्यात तालुक्यातालुक्यांत अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. एक प्रत, एक छापील माहितीपत्रक आणि बिलबुक घेऊन जा. 25 टक्के सूट द्या. खरेदी अनुदान आल्यावरच होते, तेव्हा आज नाही म्हटलं तर नाराज होऊ नका, दोन महिन्यांनी पुन्हा जा. माझ्या 96 प्रती अशाच गेल्या. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन तारखांच्या महिनाभर आधी कॉलेजांच्या मराठी विभागांना पत्र द्या. त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं. जिल्हा ग्रंथोत्सवाची तारीखही लक्षात ठेवा.

दिवाळी अंकाचा मार्ग मी उशिरा धरला. पुस्तकाआधीच एखादं प्रकरण अंकात आलं असतं तर किती बरं झालं असतं! अंकांचं साहित्य जून-जुलैपासून गोळा होतं, गणपतीत पाठवलं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो. वर्तमानपत्रांना परीक्षणासाठी प्रत पाठवताना सोबत अर्ध्या पानाचं साधं टिपण द्या, पुस्तक कशाबद्दल आहे आणि तुम्ही कोण. स्तुती लिहू नका. मी नऊ प्रती पाठवल्या, दोन ठिकाणी छापून आलं.

टपालानं पाठवताना ज्ञान पोस्टची चौकशी करा. मे 2025 पासून पुस्तकांसाठी ही स्वस्त सेवा सुरू आहे, माझं पुस्तक 300 ग्रॅमच्या आतच बसतं. पुठ्ठा घातल्याशिवाय पाकीट बंद करू नका, कोपरे दुमडतात. हातोहात दिलेल्या प्रत्येक प्रतीसोबत मी हातानं लिहिलेली एक चिठ्ठी घालते. ज्यांना चिठ्ठी गेली त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी वाचून फोन केला, आणि त्या फोनांतूनच पुढची गिऱ्हाइकं मिळाली.

आता दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालू आहे, 300 प्रतींची. वाचकांनी दाखवलेल्या चुका एका वहीत उतरवून ठेवल्यात, 41 झाल्या. परवा त्या भिशीवाल्या काकू मुद्दाम घरी आल्या. चष्मा लावून 57 वं पान उघडलं आणि बोट ठेवून म्हणाल्या, "लग्नात मी हिरवी साडी नेसले होते असं लिहिलंस. पिवळी होती ती." वहीत 42 नंबरला लिहून घेतलं.