बालवाडी ते दुसरीच्या पोरांना परिसर अभ्यास कसा शिकवायचा (पुस्तक न उघडता)

तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात येतं आणि तिथून पोरं थेट जिल्हा, तालुके, नद्या पाठ करायला लागतात. मग पालक विचारतात, आत्तापासून काय तयारी करून घेऊ, राजधान्या पाठ करून घेऊ का? नको. चार-पाच वर्षांच्या पोराला जिल्हा म्हणजे काय हे कळूच शकत नाही, त्याच्यासाठी मामाचं गाव आणि मुंबई दोन्ही सारखंच लांब. या वयात तीन गोष्टींची सवय लागली तरी पुष्कळ आहे. वरून बघितल्यावर जागा कशी दिसते, आधी आणि नंतर म्हणजे काय, आणि आपलं रोजचं कोणाकोणामुळे चालतं. बाकी सगळं त्यावर चढतं.

नकाशापासून सुरू करा, पण भिंतीवरच्या नाही. जमिनीवर एक पेला ठेवा, पोराला स्टुलावर उभं करून (धरून ठेवा बरं का) बरोब्बर वरून बघायला सांगा आणि काय दिसतंय ते काढायला लावा. पहिल्यांदा बहुतेक पोरं पेला बाजूनेच काढतात, कारण त्यांना पेला "माहिती" असतो, ती बघत नाहीत. परत बघायला लावा. गोल दिसतो हे पटलं की डबा, खोडरबर, पाण्याची बाटली असं एकेक ठेवून खडूने कडेने गिरवायचं, वस्तू उचलायची आणि दुसऱ्या पोराला विचारायचं, ओळख कोणाचा ठसा? हा खेळ दोन-तीन दिवस चालला तरी चालू द्या. मग वर्गाच्या फरशीवर खडूने मोठी चौकट, दार कुठे, खिडकी कुठे, फळा कुठे, आणि काड्यापेट्या म्हणजे बाकं. प्रत्येकाने आपली काड्यापेटी आपल्या जागेवर ठेवायची. पहिलीच्या शेवटापर्यंत शाळा ते घर रस्ता काढता येतो, त्यात मारुतीचं देऊळ शाळेपेक्षा मोठं निघालं तरी दुरुस्त करू नका, त्याच्यासाठी ते मोठंच आहे.

आणि दिशा शिकवताना नकाशा भिंतीवर टांगूच नका. "वर उत्तर" म्हटलं की पोरं पंख्याकडे बोट दाखवतात! नकाशा जमिनीवर पसरा, उत्तर उत्तरेकडे करून, आणि सकाळी ऊन कुठून येतं तिथून सुरुवात करा.

आता इतिहास. लहान पोरांच्या डोक्यात डायनासोर, आज्जीचं लहानपण आणि शिवाजी महाराज हे सगळं एकाच "पूर्वी"मध्ये असतं, म्हणून "महाराजांकडे मोबाईल होता का" हा प्रश्न दरवर्षी येतोच आणि तो वेडगळ अजिबात नाही. १६३० हा आकडा सांगून काही होत नाही, ज्याला शंभरपर्यंत मोजायला दम लागतो त्याला सोळाशे म्हणजे काय? त्यापेक्षा पोरांना रांगेत उभं करा. पहिलं पोर म्हणजे "मी". त्याच्या मागचं म्हणजे त्याची आई, मागे आईची आई, मग तिची आई, असं जायचं. पिढीला साधारण पंचवीस वर्षं धरली तर महाराजांच्या जन्मापर्यंत पोचायला पंधरा-सोळा पिढ्या लागतात, म्हणजे वर्गातली पंधरा-सोळा पोरं मागे उभी राहिली की झालं. मग रांगेत चालत जाऊन विचारा, इथे टीव्ही होता का? इथे वीज होती का? तिसऱ्या-चौथ्या पोरापाशीच "नव्हती" सुरू होतं आणि रांग तर अजून केवढी बाकी असते. पुढे चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास येतो तेव्हा ही रांग उपयोगी पडते.

आज्जी-आजोबांना वर्गात बोलवा, पण "गोष्ट सांगा" म्हणू नका, ते उपदेशावर येतात. पोरांकडून आधी प्रश्न ठरवून घ्या: पाणी कुठून आणायचात, अंधार झाल्यावर काय करायचात, खाऊला पैसे मिळायचे का. घरात कंदील, अडकित्ता, जुना रेडिओ काही असेल तर हातात द्या, लांबून दाखवू नका.

"आपले मदतनीस" म्हटलं की तो छापील तक्ता निघतो, डॉक्टर, पोलीस, पोस्टमन. तो बाजूला ठेवा. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत, घंटा देणारे मामा आहेत, गावात पाणी सोडणारे काका आहेत, त्यांच्याकडे जा. नळ, टाकी, मोटार, विहीर (शहरात असाल तर धरणापर्यंत) अशी उलटी वाट धरा, प्रत्येक टप्प्याचं चित्र एकेकाने काढायचं आणि शेवटी चित्रं गोंधळून परत ओळीत लावायची. कामवाल्या माणसांना नावाने आणि मानाने हाक मारायची हे इथेच शिकून होतं, वेगळा पाठ नको.

कुटुंबाच्या पाठात मात्र जपून. "बाबांचं नाव, बाबांचं काम" असा कागद वाटला की एखादं पोर गप्प होतं. बीडकडे कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि पोरं आज्जीकडे राहतात. "तुला जेवायला कोण वाढतं, घरात कोण कोण झोपतं" असं विचारा, सगळ्यांकडे उत्तर असतं.

नागरिकशास्त्र म्हणजे निवडणूक, आणि ती फार मजेची. शनिवारी लगोरी की गोष्ट, यावर मतदान. दोन डबे, प्रत्येकावर चित्र, समोर चादरीचा आडोसा, प्रत्येकाला एकच चिंचोका. टाकून आलं की डाव्या हाताच्या तर्जनीला स्केचपेनची शाई, मोठ्या माणसांसारखी. कोणीतरी खिशातून आणलेले पाच चिंचोके टाकणारच, मोजताना पोरांपेक्षा जास्त मतं निघाली की बोंबाबोंब होते. अशा वेळी रागावू नका, "आता काय करायचं" हे त्यांनाच विचारा. नियम त्यांच्याच तोंडून येतात आणि मग ते पाळतातही. हरलेला गट रडेल, तर हरणाऱ्यांची पाळी कधी हेही ठरवून टाका.

हे नवीन काही नाही हो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला आणि पुढे कोसबाडला (दोन्ही आजच्या पालघर जिल्ह्यात) आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी असंच केलं, पोरं शाळेत येत नाहीत तर अंगणात शाळा, गुरं राखायला जातात तर कुरणात शाळा.

पालक "वहीत काहीच नाही" म्हणून तक्रार करतात, त्यावर उपाय सोपा आहे. काड्यापेट्यांच्या नकाशाचा, रांगेचा, मतमोजणीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका आणि सोबत एक प्रश्न द्या, आज घरी पोराला हे विचारा म्हणून. बाजाराला नेणार असाल तर परवानगीची चिठ्ठी आदल्या दिवशी, दर सहा-सात पोरांमागे एक मोठं माणूस, आणि पाहायचं एकच: भाजी कुठल्या गावाहून आली. दुसरं काही विचारू नका, तेवढ्यातच तास जातो.