दोन स्टेशनांमधली मुंबई : खात, पाहत आणि फोटो टिपत शहर कसे हिंडावे

मुंबईत उभा जन्म काढलेल्या माणसालाही मुंबई बहुधा स्टेशनांच्या नावांनीच ठाऊक असते. चर्नी रोड गेले की मरीन लाइन्स येते, मग चर्चगेट येते आणि गाडी रिकामी होते. या तीन नावांच्या मध्ये उभे असलेले शहर डब्याच्या दारातून क्षणभर दिसते आणि मागे पडते. म्हणून शहर पायी पाहायचे ज्याने ठरवले आहे, त्याने ‘मुंबईदर्शना’ची यादी बाजूला ठेवून लगतची दोन स्टेशने निवडावीत, एकावर उतरावे आणि अर्धा दिवस खर्चून दुसऱ्यावर गाडी पकडावी. दक्षिण मुंबईत हे अंतर इतके थोडे असते की सरळ चालत गेल्यास वीस मिनिटेही लागणार नाहीत. आपल्याला त्याचे चार तास करायचे आहेत.

ही पद्धत मला चुकीतून सापडली. पहिल्या फेरीच्या वेळी मी खाण्याच्या सात प्रसिद्ध जागांची यादी घेऊन निघालो होतो. तिसऱ्या जागी पोट भरले, उरलेल्या चार जागांच्या केवळ पाट्यांचे फोटो काढले आणि घरी आल्यावर लक्षात आले की दिवसभरात एकाही इमारतीचा वरचा मजला आपण पाहिलेला नाही.

पहिली पायरी : हद्द आखावी आणि एकच प्रश्न सोबत घ्यावा

नमुन्यादाखल चर्नी रोड ते मरीन लाइन्स हा टप्पा, म्हणजेच गिरगाव, घेऊ. पश्चिमेला रेल्वेचे रूळ आणि पूर्वेला जगन्नाथ शंकरशेट मार्ग व त्याला फुटणाऱ्या वाड्या, एवढीच हद्द नकाशावर बोटाने आखून घ्यावी आणि मोह झाला तरी ती ओलांडू नये. निघण्यापूर्वी स्वतःला एखादा साधा प्रश्न द्यावा. ‘इथे माणसे घराबाहेर कुठे बसतात?’ हा प्रश्न गिरगावात उत्तम चालतो, कारण त्याचे उत्तर शोधताना चाळीची गॅलरी, ख्रिस्ती घराचा व्हरांडा, दुकानाची पायरी आणि उपाहारगृहातले बाक ही सारी ठिकाणे आपोआप पाहिली जातात. प्रश्न नसला की डोळा फक्त ओळखीच्या गोष्टींवरच थांबतो.

दुसरी पायरी : वेळ उन्हाकडे पाहून ठरवावी

वाड्यांच्या अरुंद गल्ल्यांत दुपारचे ऊन एका भिंतीवर भगभगते आणि समोरची भिंत काळोखात बुडते. मोबाइलच्या कॅमेऱ्याला ही तफावत पेलत नाही. म्हणून गिरगावात सकाळी साडेसात-आठला पोहोचावे. गल्लीत तेव्हा थेट ऊन नसते, पण उजेड पुरेसा असतो, आणि न्याहारीचीही तीच वेळ असते. पावसाळ्यातला उघडिपीचा दिवस सर्वांत चांगला, कारण ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि ओल्या भिंतींचे रंग उठून दिसतात. छत्री घ्यावी, आणि लेन्स पुसायला मऊ सुती कापडही घ्यावे. दमट हवेत लेन्सवर बसलेली वाफ कित्येकांना फोटो धूसर आल्यावरच कळते.

तिसरी पायरी : आधी चालावे, मग खावे

उतरल्याबरोबर खाण्याकडे वळू नये. पहिला पाऊण तास चालावा आणि या वेळात मोबाइल खिशातच असावा. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन या मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची जुनी लाकडी घरे आहेत : उतरते कौलारू छप्पर, बाहेरून चढणारा जिना, पुढचा व्हरांडा आणि त्यावर रंगवलेले कठडे. तिथून थोड्याच अंतरावरच्या चाळींत हेच काम सामाईक गॅलरी करते. एका ओळीतल्या खोल्यांची दारे तिच्यात उघडतात, कपडे तिच्यात वाळतात आणि भांडणेही तिच्यातच मिटतात. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. मधला चौक आणि भोवतीच्या गॅलऱ्या पाहिल्या की चाळीची रचनाच अशा उत्सवाला किती सोयीची आहे हे सांगावे लागत नाही, कारण चौक हाच रंगमंच होतो आणि प्रत्येक मजल्यावरचा माणूस घराच्या दारातूनच प्रेक्षक होतो.

भूक लागल्यावर खावे, पण थोडे. दोघे असल्यास एक बशी मागवावी आणि एका फेरीत तीनच ठिकाणी थांबावे. ठाकूरद्वारच्या बाजूला विनय हेल्थ होममध्ये मिसळ मिळते. कोल्हापूरच्या झणझणीत कटाची सवय असलेल्याला ती सौम्य वाटेल, पण गिरगावकराची मिसळ तशीच असते आणि ती तशीच खावी. अनोळखी उपाहारगृहात काय मागवावे हे कळत नसेल तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा काय खात आहेत ते पाहावे. गल्ल्यावर ‘आज लवकर काय संपतं?’ असे विचारणे हा त्याहूनही खात्रीचा उपाय आहे. गर्दीच्या वेळी टेबलावर अनोळखी माणसे येऊन बसतात. त्यांना जागा द्यावी, आणि खाऊन झाल्यावर रेंगाळू नये. खाण्याचा पदार्थ थंड करून त्याचा फोटो काढणे हा त्या पदार्थाचा अपमान आहे असे माझे मत आहे. उजेडाकडे बशी सरकवून दोन फोटो काढावेत आणि चमचा उचलावा.

फेरीचा शेवट धोबीतलावला करावा. तिथे मेट्रो सिनेमाच्या समोर कयानी हे 1904 पासूनचे इराणी उपाहारगृह आहे. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा मागवावा. हा पाव चहात बुडवल्याशिवाय खाल्ला तर हिरड्या सोलवटतात. संगमरवरी माथ्याचे टेबल आणि वाकवलेल्या लाकडाची खुर्ची यांकडे लक्ष द्यावे. मुंबईतली जुनी इराणी उपाहारगृहे पुष्कळदा रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसतात. कोपऱ्यावरचे दुकान अशुभ मानून इतर व्यापारी ते घेत नसत आणि इराण्यांनी ते घेतले, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्यावरच्या जागेत दोन बाजूंनी उजेड येतो आणि आत बसून काढलेले फोटो त्यामुळेच चांगले येतात.

चौथी पायरी : इमारत वरून खाली वाचावी

तळमजला बहुधा खोटे बोलतो. दुकानांच्या पाट्या, काचा आणि वातानुकूलन यंत्रे यांनी तो दर दहा वर्षांनी बदलतो. खरी इमारत दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते. म्हणून समोरच्या पदपथावर जाऊन मान वर करावी आणि आधी छप्पर, मग खिडक्या आणि शेवटी दार असा क्रम ठेवावा. हे वाचन शिकायला मुंबईत ओव्हल मैदानाइतकी चांगली जागा नाही. त्यासाठी दुसरी फेरी चर्चगेट ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशी आखावी.

मैदानाच्या मधोमध उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे, पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारतींची रांग आहे, आणि दोन्हींच्या मध्ये सुमारे साठ वर्षांचा काळ आहे. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पूर्वेची रांग उभी राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत गब्बर झालेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी देणगी दिली आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून बांधलेला हा टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. टोकदार कमानी, दगडी नक्षी आणि निमुळते कळस ही व्हिक्टोरियन गॉथिकची खूण इथे सहज पटते.

आता पाठ फिरवावी. पश्चिमेच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या राहिल्या ती समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे आणि त्यांचे साहित्य दगड नसून सिमेंट काँक्रीट आहे. म्हणून त्यांचे कोपरे गोलाकार वळवता आले. खिडक्यांवरचे भुवयांसारखे लांब छज्जे ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतात, बाल्कनीचे कठडे जहाजाच्या डेकची आठवण करून देतात, आणि प्रत्येक इमारतीचे नाव वेगळ्या वळणाच्या अक्षरांत कोरलेले असते. ती नावे वाचत जाणे हीच अर्ध्या तासाची करमणूक आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंचा हा समूह 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्यात 94 इमारती आहेत.

इथे माझी आणखी एक चूक सांगतो, कारण तिच्यातून उन्हाचा नियम कळतो. राजाबाई टॉवरचा फोटो घ्यायला मी सकाळी आठला मैदानात गेलो आणि मला केवळ एक काळी आकृती मिळाली, कारण सूर्य टॉवरच्या पाठीमागे होता. सकाळचे ऊन पश्चिमेच्या आर्ट डेको रांगेवर पडते आणि गॉथिक रांग उजळते ती दुपारी चारनंतर. तेव्हा सकाळी एक बाजू आणि संध्याकाळी दुसरी, किंवा एकाच दिवशी दुपारी उशिरा सुरुवात करून गॉथिक इमारतींवरच भर द्यावा. दुसरा पर्याय घेतल्यास पुढे टर्मिनसवरही मावळतीचे ऊन मिळते, कारण त्याचा दर्शनी भागही साधारण पश्चिमेकडेच आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली टर्मिनसची इमारत 1878 ते 1888 या काळात बांधली गेली आणि समोरचे महानगरपालिकेचे मुख्यालयही त्यांचेच आहे. रोज लाखो माणसे या इमारतीत शिरतात, पण फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ किती जणांनी पाहिले असतील, देव जाणे. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. भिंतींवर मोर, माकडे आणि पाने-फुले कोरलेली आहेत. ती पाहताना मात्र टॅक्सीच्या रांगेचे भान ठेवावे.

पाचवी पायरी : फोटो मोजून काढावेत

पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो असत. एका फेरीला तेवढेच काढायचे असे ठरवून घ्यावे. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू करून उभ्या रेषा सरळ ठेवाव्यात, आणि उंच इमारतीसाठी मोबाइल वर तिरका करण्याऐवजी रस्ता ओलांडून मागे जावे. झूमपेक्षा पायांचा उपयोग करावा. संपूर्ण इमारतीचा एक फोटो पुरतो. त्यानंतर कडी, कठडा, अक्षर, फरशी असे तुकडे टिपावेत. माणसांना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत, आणि खोताच्या वाडीत तर कुणाच्या व्हरांड्यात पाय ठेवण्याआधी ते कुणाचे तरी घर आहे हे ध्यानात असावे. न्यायालयाच्या आणि रेल्वेच्या आवारात, तसेच नौदलाच्या हद्दीजवळ आधी फलक वाचावा. तिपाई घरीच ठेवावी. ती उघडली की पहारेकरी येतो.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर तिथेच, नाहीतर रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक फोटोला ठिकाणाचे नाव द्यावे आणि काय खाल्ले, किती पैसे पडले, पाटीवर कोणते साल होते हे दोन ओळींत लिहावे. आठवड्यानंतर लिहायला बसल्यास चाळ आणि वाडी यांची सरमिसळ होते. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर ज्या फोटोंत नाही ते पुसून टाकावेत. माझ्याकडे बहुतेक वेळा नऊ-दहा उरतात.

पुढची जोडी निवडताना मध्य रेल्वेवरचे दादर आणि माटुंगा घ्यावे. 1896च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तिथे रुंद रस्ते आणि बागा यांची आखणी केली, त्यामुळे गिरगावच्या दाटीनंतर डोळ्यांना एकदम मोकळे वाटते. पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स पाहून माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायकांच्या 1942 मधल्या उडुपी खानावळीत केळीच्या पानावर जेवावे. त्या दिवशी न्याहारी टाळावी.